प्रश्न तुमचे : सांताक्लॉज व्हायला नकार देणारा उमेदवार

गेल्या अंकात अमेरिकेतल्या प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या निवडणुकांबद्दल लिहिताना पॉल सॉन्गस हे नाव मी ओझरतं घेतलं आणि पुढे गेले. ‘न्यू हॅम्पशायर जिंकून विस्मरणात गेलेले उमेदवार’ एवढंच लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही अशी शंका यावी. असो. सॉन्गस यांनी न्यू हॅम्पशायर राज्य जिंकलं तो १९९२चा हिवाळा मी तिथल्याच नॅशुआ शहरात, एका संगणक कंपनीत नोकरी करत काढला. त्यामुळे या विषयावर मला बोलतं करायला फार आग्रह लागत नाही. या वेळचं सगळं सदर सॉन्गस यांच्या नावावर.

प्रश्न : हे सॉन्गस नेमके कोण? राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीआधी त्यांनी काय केलं होतं? (राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी)

उत्तर : जन्म १४ फेब्रुवारी १९४१, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल शहरात. ग्रीक स्थलांतरितांचं घर, ड्रायक्लीनिंगचा धंदा. डार्टमथ कॉलेजात शिकले. परदेशात स्वयंसेवक पाठवणारी पीस कोअर ही सरकारी संस्था राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नुकतीच सुरू केली होती. तिच्यातर्फे १९६२ ते १९६४ इथिओपियातल्या वोलिसो गावात शिक्षक होते. परत येऊन येल विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली.

तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून त्यांची चढण नीट बघा. १९६९ साली लॉवेलच्या नगर परिषदेवर निवडून आले. मग काउंटीचे आयुक्त, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरचं काम. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणावरच्या संतापाच्या लाटेत प्रतिनिधीगृहात गेले आणि १९७८ साली सिनेटमध्ये. पायरी पायरीने वर. गंमत म्हणजे १९७४ साली त्यांनी जो मतदारसंघ रिपब्लिकनांकडून खेचून घेतला, तिथेच दोन वर्षांपूर्वी जॉन केरी नावाचा तरुण डेमोक्रॅट हरला होता. पुढे सॉन्गस यांनी सिनेटची जागा सोडली तेव्हा तिथे निवडून आले ते हेच केरी. २००४ साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारीही त्यांना मिळाली.

१९७८ साली सॉन्गस यांनी हरवलं ते एडवर्ड ब्रुक यांना. लोकांच्या थेट मतांवर सिनेटमध्ये गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पण ब्रुक तेव्हा घटस्फोटाच्या आणि त्यातून निघालेल्या पैशांच्या प्रकरणाने बेजार होते. तो विजय निव्वळ कर्तृत्वाचा होता असं म्हणवत नाही.

सिनेटच्या एकाच कार्यकाळातली तीन कामं लक्षात ठेवण्याजोगी. अलास्कातली दहा कोटी एकरांहून अधिक जमीन संरक्षित करणारा १९८०चा कायदा सिनेटमधून पार पाडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. समलिंगी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारं सिनेटमधलं पहिलं विधेयक त्यांनी १९७९ साली मांडलं. ते मंजूर झालं नाही, पण त्या काळी मांडायलाच छाती लागत होती. तिसरं काम क्रायस्लर कंपनीचं. ही मोटार कंपनी बुडायला आली, तेव्हा सरकारी हमी द्या, पण बदल्यात कामगारांची पगारवाढ तीन वर्षं गोठवा, असा प्रस्ताव त्यांनी रिपब्लिकन सिनेटर लुगर यांच्यासोबत मांडला. मोटार कामगारांच्या संघटनेने हे कधी विसरलं नाही.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. सॉन्गस यांचं लॉवेल हेही गिरण्यांचं शहर, असं वाचलं. गिरण्या गेल्यावर तिथे काय झालं? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : काका, तुमच्या पत्रामुळे मला हा भाग लिहायचं निमित्त मिळालं. सॉन्गस कळायचे तर आधी लॉवेल कळायला हवं.

मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर कालवे काढून, पाण्याच्या जोरावर माग चालवायचे, अशा हिशेबाने १८२०च्या दशकात हे शहर मुद्दाम वसवलं गेलं. सुरुवातीला आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली कामाला असायच्या. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. मग आयरिश आले, कॅनडातले फ्रेंच आले, ग्रीक आले. विसाव्या शतकात गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडच्या राज्यांत निघून गेल्या आणि मागे मैल-मैल लांबीच्या रिकाम्या विटकरी इमारती राहिल्या. सॉन्गस यांचं बालपण त्या उतरत्या काळात गेलं.

सत्तरच्या दशकात जुन्या इमारती पाडाव्यात, कालवे बुजवावेत, असा विचार गावात जोरात होता. सॉन्गस आणि गावातल्या काही जाणत्यांनी उलटा सूर लावला: हेच आपलं भांडवल आहे. प्रतिनिधीगृहात असताना त्यांनी लॉवेलच्या गिरण्या आणि कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्याचा कायदा नेटाने पुढे रेटला. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची त्यावर सही झाली. त्याच सुमारास वँग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीने आपलं मुख्यालय लॉवेलमध्ये आणलं. उंच मनोरे उभे राहिले, हजारो नोकऱ्या आल्या.

पुढचं मात्र सांगायलाच हवं. घरोघरी पीसी आल्यावर वँगचा धंदा बसला आणि १९९२च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. म्हणजे सॉन्गस ज्या लॉवेलच्या जोरावर देशाची अर्थव्यवस्था सावरण्याची भाषा करत होते, तिथला सर्वांत मोठा दिवा त्याच वर्षी मालवत आला होता. टीकाकारांनी हे त्यांना ऐकवलंही.

उद्यान टिकलं. बूट कॉटन मिलच्या तळमजल्यावर जुने माग आजही चालू करून दाखवतात. आत जाताना कानात घालायला बोळे देतात, तरी पायाखालची जमीन थरथरते ती थरथरतेच. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता.

प्रश्न : १९८८ साली मॅसॅच्युसेट्सचेच, ग्रीक वंशाचे मायकेल डुकाकिस सपाटून हरले होते. तरी लगेच दुसरा तसाच माणूस? (एक वाचक)

उत्तर : हाच विनोद तेव्हा रोज ऐकू यायचा. पन्नासपैकी चाळीस राज्यांत डुकाकिस हरले होते. पण ३० एप्रिल १९९१ला सॉन्गस यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा आखाती युद्ध नुकतंच जिंकलेल्या राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांची लोकप्रियता काही आठवड्यांपूर्वीच नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन आली होती. डेमोक्रॅटिक पक्षातले मोठे मोहरे एकेक करून मागे सरत होते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो तर डिसेंबर उजाडेपर्यंत ‘उभा राहू की नको’ करत बसले आणि शेवटी ‘नको’ म्हणाले. रिंगणात कुणी नव्हतं, म्हणून सॉन्गस यांच्याकडे लोक हसत हसत का होईना, बघू लागले.

प्रश्न : डेमोक्रॅट म्हणजे कामगारांचा पक्ष, असं आम्ही शिकलो. सॉन्गस तर उद्योगपतींची बाजू घेताना दिसतात. मग ते डेमोक्रॅट कसले? (अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका)

उत्तर : बाई, हा प्रश्न त्यांच्या पक्षातल्या निम्म्या लोकांनी त्यांना विचारला होता.

त्यांनी आपली धोरणं ऐंशीहून अधिक पानांच्या एका पुस्तिकेत मांडली होती आणि ती ते भेटेल त्याच्या हातात ठेवत. सार असं: शीतयुद्ध संपलं आणि जिंकला जपान. अमेरिकेने कारखाने गमावले, बचत गमावली आणि कर्ज काढून सण साजरे केले. तेव्हा आधी संपत्ती निर्माण करा. जी निर्माणच झाली नाही ती वाटणार कुठून? नोकऱ्या हव्यात आणि नोकऱ्या देणारे नकोत, हे डेमोक्रॅटांचं दुटप्पी धोरण आता पुरे.

त्यातून निघालेल्या सूचना थेट होत्या. नव्या उद्योगात दीर्घकाळ पैसे गुंतवणाऱ्यांना भांडवली नफ्यावरच्या करात सूट. संशोधनावरच्या खर्चाला कायमची करसवलत. अमेरिकी कंपन्यांना एकमेकींशी सहकार्य करता यावं म्हणून मक्तेदारीविरोधी कायदे सैल. मुक्त व्यापाराला पाठिंबा. पेट्रोलवरच्या करात टप्प्याटप्प्याने वाढ. अणुऊर्जेलाही होकार, आणि तोही न्यू हॅम्पशायरमध्ये, जिथे सीब्रुकच्या अणुवीज प्रकल्पावरून वर्षानुवर्षं आंदोलनं आणि अटकसत्रं झाली होती! निवडणुकीचा सल्लागार असता तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मध्यमवर्गाला करकपात नाही. उमेदवारीच्या शर्यतीतले त्यांचे प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन ती देऊ करत होते. सॉन्गस यांचं म्हणणं, दिवसाला जेमतेम डॉलरभर पडणाऱ्या या खिरापतीने कुणाचं घर सावरणार नाही, सरकारची तूट मात्र वाढेल. मी सांताक्लॉज नाही, असं ते सभांमधून सांगत. एकदा तर खेळण्यातलं अस्वल हातात धरून, क्लिंटन हे ‘पँडर बेअर’ (पांडा अस्वलावरची कोटी), म्हणजे ज्याला जे हवं ते त्याला कबूल करणारे गृहस्थ आहेत, अशी खिल्लीही उडवली. हा प्रकार मला काही फारसा शोभणारा वाटला नाही.

सामाजिक प्रश्नांवर मात्र ते पक्के डेमोक्रॅट होते. गर्भपाताचा हक्क, समलिंगींचे हक्क, पर्यावरण यांत कुठेही मागे-पुढे नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की कामगाराचं भलं त्यांना हवं होतं, पण ते कारखान्याच्या दारातून यावं, सरकारी खिडकीतून नव्हे. दुबळी बाजू अशी, की भांडवलावरची सूट आज मिळते आणि त्यातून येणारी नोकरी कधी येईल, कुठे येईल, याचा भरवसा त्या पुस्तिकेत कुठेच नव्हता.

प्रश्न : तुम्ही त्यांना प्रत्यक्ष पाहिलंत का, की ऐकीव माहितीवर मोठं करता आहात? (एक स्पष्टवक्ते वाचक)

उत्तर : पाहिलं. नॅशुआहून लॉवेल मोटारीने अर्ध्या तासाच्या आत; ते जवळजवळ शेजारचेच उमेदवार. एका सभेला गेले होते. मला मत नव्हतं, बाहेर बर्फ होतं आणि सभागृहात कॉफी फुकट होती. आवाज बेतास बात, शब्द तोंडातल्या तोंडात, मागच्या रांगेतले ‘मोठ्याने’ म्हणून ओरडत होते. टाळ्यांसाठी थांबायची जागा त्यांना सापडतच नव्हती. स्वतःच्या रटाळपणावर स्वतःच कोट्या करत. त्या मात्र बऱ्या जमायच्या.

खरी आठवण आहे ती पुस्तिकेची. त्या राज्याची अवस्था तेव्हा बिकट होती. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या अनेक मोठ्या बँका सरकारी यंत्रणेने एका दिवसात ताब्यात घेतल्या होत्या. पीझ हा हवाई दलाचा तळ बंद झाला होता. माझ्या पलीकडच्या टेबलावरचा एक डिझाइन इंजिनिअर नुकताच कामावरून कमी झाला होता आणि त्याच्या घराचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. जाताना त्याने खोक्यात भरलेल्या सामानावर ती पुस्तिका ठेवली होती. मी चाळायला घेतली. पेन्सिलीने ओळीन् ओळ अधोरेखित केलेली. भांडवली नफ्याच्या परिच्छेदासमोर समासात मोठं प्रश्नचिन्ह आणि खाली लिहिलेलं, ‘आणि मला काय?’ पुढच्या पानावर तुटीचे आकडे त्याने स्वतः बेरीज करून ताडून पाहिले होते. बेरीज जुळल्याची खूणही होती. मत त्याने सॉन्गस यांनाच दिलं. कारण विचारलं तर म्हणाला, हा निदान मला गिऱ्हाईक समजत नाही.

प्रश्न : न्यू हॅम्पशायर जिंकूनही उमेदवारी क्लिंटन यांना कशी मिळाली? (मागच्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न)

उत्तर : १८ फेब्रुवारी १९९२चा निकाल असा: सॉन्गस ३३ टक्के, क्लिंटन २५ टक्के, बाकीचे बरेच मागे. पण क्लिंटन यांच्यावर आधीचे काही आठवडे विवाहबाह्य संबंध आणि व्हिएतनामची सैन्यभरती चुकवल्याचे आरोप यांचा भडिमार झाला होता. ते संपले, असं सगळे म्हणत होते. त्यामुळे ते दुसरे आले हीच बातमी ठरली. त्या रात्री पूर्ण मोजणी व्हायच्या आतच ते मंचावर आले, स्वतःला ‘पुन्हा उसळी मारून आलेला पोरगा’ म्हणवून घेतलं आणि टीव्हीवरची रात्र घेऊन गेले. पहिला आलेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत दुसरा झाला. शेजारच्या राज्याचा म्हणून जिंकला, अशी त्याची बोळवण झाली.

यापुढचं गणित पैशाचं आणि भूगोलाचं. प्रायमरीत प्रत्येक राज्यातून, उमेदवार ठरवणाऱ्या पक्ष-अधिवेशनासाठी प्रतिनिधी गोळा करायचे असतात आणि एकेका मंगळवारी अनेक राज्यं मतदान करतात. ३ मार्चला सॉन्गस यांनी मेरीलँड, युटा आणि वॉशिंग्टन राज्य जिंकलं, पण १० मार्चच्या सुपर ट्यूजडेला दक्षिणेने क्लिंटन यांना उचलून धरलं. टेक्सास गेलं, फ्लोरिडा गेलं. फ्लोरिडात तर ‘सॉन्गस तुमची पेन्शनवाढ कापतील’ असा प्रचार वृद्धांमध्ये झाला. सॉन्गस यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि डेलावेअर. मग १७ मार्चला इलिनॉय आणि मिशिगनही क्लिंटन यांनी जिंकलं. मोटार कामगारांच्या मिशिगनमध्ये, ज्या वर्षी जनरल मोटर्स कारखाने बंद करत होती, तिथे क्रायस्लरचा तो जुना प्रस्ताव घेऊन मत मागायला जायचं!

१९ मार्चला त्यांनी प्रचार थांबवला. न्यूयॉर्कमध्ये लढायला पैसे नाहीत, म्हणाले. त्यांच्याच प्रमुख निधीसंकलकाने दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम खाल्ली होती, हे नंतर उघडकीस आलं आणि तो तुरुंगात गेला. एवढं होऊनही ७ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये, प्रचार बंद असलेल्या सॉन्गस यांना २९ टक्के मतं पडली आणि जोमाने लढणारे जेरी ब्राउन त्यांच्या मागे राहिले.

तुमच्या अभ्यासासाठी आणखी एक धागा देते. क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा वर्षाची तूट २९० अब्ज डॉलर होती. महिन्याभरातच त्यांनी मध्यमवर्गाची करकपात गुंडाळून ठेवली. १९९३च्या अंदाजपत्रकात पेट्रोलवरचा कर गॅलनमागे ४.३ सेंटने वाढला. ते अंदाजपत्रक प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१६ मतांनी आणि सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने तरलं. १९९८ साली शिल्लक दिसू लागली. हरलेल्या उमेदवाराच्या पुस्तिकेतली पानं जिंकलेल्याने वापरली, असं मी म्हणते. भांडवली नफ्यावरच्या करातली सरसकट कपात तेवढी १९९७पर्यंत थांबली.

प्रश्न : त्यांना कर्करोग झाला होता असं वाचलं. तो त्यांनी लपवला का? (एक महिला डॉक्टर)

उत्तर : डॉक्टर, या एका गोष्टीमुळे माझ्या मनात त्यांच्याविषयी दोन मतं आहेत.

१९८३च्या अखेरीला त्यांना लसीका ग्रंथींचा कर्करोग असल्याचं निदान झालं. वय ४२, घरी तीन लहान मुली. पुढच्या वर्षी पुन्हा उभं न राहण्याचं त्यांनी जाहीर केलं आणि सिनेट सोडली. १९८६ साली बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत त्यांच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. १९९२च्या प्रचारात ते आणि त्यांचे डॉक्टर सांगत होते, की प्रत्यारोपणानंतर रोग परतलेला नाही. लोकांची खात्री पटावी म्हणून त्यांना तरणतलावात पोहताना दाखवणारी जाहिरात टीव्हीवर होती. कॉलेजात ते पोहणारे खेळाडू होते. हात पाण्यातून वर येतो, श्वास घेतात, पुन्हा खाली जातात. ती जाहिरात आम्ही त्या हिवाळ्यात कंटाळा येईतो पाहिली.

खरी गोष्ट अशी, की १९८७ साली काखेतल्या एका गाठीत रोग पुन्हा सापडला होता आणि त्यावर किरणोपचार झाले होते. हे बाहेर आलं ते प्रचार थांबवल्यानंतर, एप्रिलमध्ये. आणि १९९२ संपता संपता पोटात नवी वाढ आढळली. ते जिंकले असते, तर नेमके शपथविधीच्या तोंडावर उपचारांना बसले असते.

तुम्ही वैद्यकीय बाजूने म्हणाल, की १९८७ची ती गाठ जुन्या रोगाचा उरलेला अंश मानावी की पुनरागमन, यावर वाद होऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांचा बचाव साधारण तसाच होता. मला तो पटत नाही. जो माणूस तुटीचा आकडा मतदारांच्या तोंडावर फेकतो आणि ‘कडू असलं तरी ऐका’ म्हणतो, त्याने स्वतःच्या रक्ताचा अहवालही त्याच पद्धतीने ठेवायला हवा होता. सांगितलं असतं, तरी इलाज बहुतेक चाललाच असता, आणि मतं कदाचित तेवढीच पडली असती. पण ठरवायचं ते मतदारांनी.

एक मात्र मान्य करते. नंतर त्यांनीच पुढे येऊन, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या प्रकृतीची स्वतंत्र वैद्यकीय मंडळाकडून तपासणी व्हावी, असं सुचवलं. १८ जानेवारी १९९७ला ते गेले, वयाच्या ५५व्या वर्षी. दोन दिवसांनी क्लिंटन यांचा दुसरा शपथविधी झाला.

प्रश्न : हरल्यावर पुढे काय केलं? घरच्या कुणी राजकारण पुढे चालवलं का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन सिनेटर वॉरन रडमन आणि माजी व्यापारमंत्री पीट पीटरसन यांच्यासोबत त्यांनी कॉन्कॉर्ड कोअलिशन ही संस्था काढली. काम एकच, तुटीबद्दल लोकांचे कान किटवत राहायचं. लॉवेलमध्ये त्यांच्या प्रयत्नांतून बांधलेलं क्रीडागृह १९९८ साली उघडलं. त्याला त्यांचं नाव आहे.

त्यांच्या पत्नी निकी सॉन्गस २००७च्या पोटनिवडणुकीत प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या. जागा तीच, जी पॉल यांनी १९७४ साली जिंकली होती. पुढे मतदारसंघाची सीमा आणि क्रमांक बदलला, तरी त्या २०१९च्या सुरुवातीपर्यंत तिथे होत्या.

शर्ली चिझम यांच्या १९७२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीबद्दल तिघांनी विचारलं आहे. जागा संपली, त्यांच्यावर पुढच्या अंकात.